कांद्याचं मूळ, तंबाखूची पेशी आणि "सुरक्षित आहे" म्हणण्याआधीचे प्रश्न

तुमचा प्रश्न मला असा समजला: फरशी आणि काच पुसायच्या द्रवासाठी तुमच्या छोट्या गटाने एक नवा फेसकारक घटक बनवला आहे. त्याची तीन-चार रूपं हाताशी आहेत आणि त्यातलं एक निवडायचं आहे. प्राण्यांवर चाचणी करायची नाही हे तुमचं पक्कं ठरलंय. म्हणून कांद्याची मुळं किंवा तंबाखूच्या संवर्धित पेशी वापरून "हा घटक माणसाला विषारी नाही" हे सिद्ध करता येईल का, आणि या दोनपैकी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी थेट उत्तर देते. एवढ्यावर सिद्ध करता येणार नाही. मात्र वनस्पतीच्या पेशी तुमच्या कामाच्या नाहीत असंही मुळीच नाही. मी बरीच वर्षं या पेशींवर रसायनं आणि सांडपाण्याचे नमुने तपासते आहे आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. म्हणूनच, ज्या गोष्टीची ग्वाही त्या देऊ शकत नाहीत ती कुणी त्यांच्या नावावर खपवली की मला मनापासून वाईट वाटतं.

तुमची अडचण पेशी निवडण्याच्या आधीची आहे. "विषारी आहे का" हा प्रश्न एक वाटतो, पण त्यात कितीतरी प्रश्न दडलेले असतात. त्वचेवर सांडला तर जळजळ होईल का? डोळ्यात उडाला तर? रोज हात लागून ॲलर्जी जडेल का? लहान मुलाने चुकून घोट घेतला तर? डीएनएला इजा होऊन पुढे कर्करोगाचा धोका आहे का? थोडा थोडा वर्षानुवर्षं अंगात जात राहिला तर यकृताचं, मूत्रपिंडाचं, होणाऱ्या बाळाचं काय? आणि पुसलेलं पाणी नाल्यात गेल्यावर तिथल्या शेवाळाचं, माशांचं काय? प्राण्यांवरच्या चाचण्यासुद्धा या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळ्या असतात. त्यामुळे प्राणी काढून त्या जागी वनस्पती ठेवली, असं सरसकट होत नाही. एकेक प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर प्राण्याविना कोण देऊ शकतं ते पाहायचं. मी माझ्या कामात याच क्रमाने जाते.

आता वनस्पतीच्या पेशीला यातलं काय कळतं ते बघू. तिला डोळा नाही, मज्जातंतू नाहीत, यकृत नाही, प्रतिकारशक्तीच्या पेशी नाहीत. पण डीएनए आहे आणि तो आपल्यासारखाच हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळून गुणसूत्रांत ठेवलेला आहे. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे धागे आहेत, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया आहेत, दुहेरी मेदाचं पटल आहे, आणि ऑक्सिडीकरणाचा ताण आला की धावून येणारी कॅटलेज, पेरॉक्सिडेज यांसारखी एन्झाइमं आहेत. एखादं रसायन या सामायिक यंत्रणेवर घाव घालत असेल तर वनस्पतीची पेशी ते दाखवून देते. बऱ्याचदा लवकर आणि स्वच्छ दाखवते.

कांद्याचं नाव यात पुढे आलं ते उगीच नाही. अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये पेशीविभाजन रोखणाऱ्या कोल्चिसीन या रसायनाचा परिणाम कांद्याच्या मुळांच्या टोकांवर पाहिला, तिथून ही परंपरा सुरू होते. गेइरिड फिस्केशो यांनी १९८५ मध्ये ती पर्यावरणाच्या देखरेखीसाठी प्रमाण चाचणी म्हणून मांडली. कांद्यात गुणसूत्रं फक्त १६ आणि तीही मोठी, त्यामुळे साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली तुटफूट दिसते. बाकला म्हणजे फाबा घेवड्यात ती १२ असतात. त्याच्या मुळांवरच्या सूक्ष्मकेंद्रक चाचणीला तर मातीच्या तपासणीसाठी २०१३ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा २९२०० क्रमांकाचा दर्जा आहे. म्हणजे या पद्धती हौशी नाहीत. पण त्यांना मान्यता मिळाली ती प्रामुख्याने माती, पाणी आणि हवा तपासण्यासाठी, माणसासाठी एखादं रसायन पास करायला नव्हे. हा फरक तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

प्रत्यक्षात काय करतात ते थोडं जवळून सांगते, म्हणजे काय मोजलं जातं याचा अंदाज येईल. सुके पापुद्रे काढून, तळाच्या चकतीला धक्का न लावता कांदा पाण्यावर ठेवायचा. मुळं एक-दोन सेंटिमीटर झाली की तो तुमच्या द्रावणाच्या वेगवेगळ्या तीव्रतांवर हलवायचा. काही कांदे नुसत्या पाण्यावर आणि काही मिथाइल मिथेनसल्फोनेटसारख्या हमखास इजा करणाऱ्या रसायनावर ठेवायचे. मग टोकं कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात स्थिर करायची, ६० अंशांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं ठेवून मऊ करायची, ॲसिटोकार्मिन किंवा ऑर्सिनने रंगवून काचपट्टीवर दाबून पसरायची. सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी मोजतात: किती टक्के पेशी विभाजनात आहेत, विभागणाऱ्या पेशींत गुणसूत्रांचे पूल, तुकडे किंवा मागे रेंगाळलेली गुणसूत्रं किती, आणि विभाजन संपलेल्या पेशींत मुख्य केंद्रकाशेजारी सूक्ष्मकेंद्रकं किती. सूक्ष्मकेंद्रक म्हणजे तुटलेला किंवा हरवलेला गुणसूत्राचा अंश स्वतंत्र गोळी होऊन राहिलेला. तो दिसायला पेशी एकदा विभागलेली असावी लागते. त्यामुळे रसायनातून काढल्याकाढल्या टोकं कापली तर इजा झालेली असूनही तुम्हाला काहीच दिसणार नाही. मुळांना साध्या पाण्यात सावरायला वेळ द्या.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण नव्या लोकांचे महिने यात जातात. साठवणीचा कांदा मोड येऊ नयेत म्हणून अनेकदा मॅलेइक हायड्राझाइड फवारून किंवा किरणोत्सर्गाची मात्रा देऊन ठेवलेला असतो. असा कांदा मुळंच धरत नाही, किंवा धरली तरी त्यातली गुणसूत्रं आधीच बिघडलेली असतात. मॅलेइक हायड्राझाइड हे वनस्पतींच्या चाचण्यांमध्ये गुणसूत्रं तोडणारं रसायन म्हणून मुद्दाम वापरलं जातं, यावरून घोळाची कल्पना येईल. कांदे माहीत असलेल्या शेतातून, प्रक्रिया न केलेले, एकाच वाणाचे घ्या. ते जमत नसेल तर बियांपासून मुळं वाढवा.

तंबाखूच्या पेशींचं शास्त्र वेगळं आहे. तुम्ही वाचलेली बीवाय-२ ही पेशीमालिका जपानमध्ये तंबाखूच्या ब्राइट यलो-२ या वाणापासून तयार झाली. ती अंधारात, हलत्या फ्लास्कमध्ये, क्षार, साखर, जीवनसत्त्वं आणि किंचित २,४-डी हे संप्रेरक असलेल्या द्रवात वाढते आणि आठवड्यात ८० ते १०० पट होते. तिला वाढायला सीरम लागत नाही. ही बाब तुमच्यासारख्या लोकांनी लक्षात घ्यावी. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी वाढवायच्या माध्यमात बहुतेकदा गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम घातलेलं असतं. म्हणजे "प्राण्यांवर चाचणी नाही" असं लिहिलेल्या प्रयोगामागेही अनेकदा प्राणी असतो. वनस्पती-पेशीच्या बाबतीत तो कुठेच नाही, आणि हा तिचा खरा मोठेपणा आहे.

बीवाय-२ मध्ये सगळ्या पेशी सारख्या आणि फ्लास्कमधल्या द्रवात सगळ्यांना मात्राही सारखीच मिळते, त्यामुळे मात्रा आणि परिणाम यांचा आलेख सुबक येतो. पण या पेशी एकेकट्या तरंगत नाहीत, साखळ्या आणि गुठळ्या करून राहतात. पेशी मोजण्याऐवजी बसलेल्या पेशींचं घनफळ किंवा ओलं वजन घ्यावं लागतं. त्या फिक्या पिवळ्या असतात, प्रकाशसंश्लेषण करत नाहीत. वर्षानुवर्षं फ्लास्कमधून फ्लास्कमध्ये जाताना त्यांच्या गुणसूत्रांत बदल साठत जातात, म्हणून डीएनएच्या इजेसाठी मला ताजं मुळाचं टोक जास्त भरवशाचं वाटतं. शिवाय माध्यमातलं २,४-डी हे स्वतः वाढीचं संप्रेरक आणि तणनाशक आहे. तुमचा घटक त्याच्या शोषणात ढवळाढवळ करत असेल तर वाढ मंदावेल आणि दोष विषारीपणावर जाईल.

फेसकारकाच्या बाबतीत तर एक खास खाचखळगा आहे. मेलेल्या पेशी मोजायला इव्हान्स ब्लू हा रंग वापरतात. जिवंत पेशी त्याला आत घेत नाहीत, मेलेल्या घेतात. मग जादा रंग धुऊन, आत अडकलेला रंग सोडियम डोडेसिल सल्फेटच्या द्रावणाने बाहेर काढून ६०० नॅनोमीटरला मोजतात. सोडियम डोडेसिल सल्फेट हे स्वतःच डिटर्जंट आहे! तुमच्या घटकाचे अवशेष पेशींवर राहिले तर धुण्याच्या पायरीतच तो मेलेल्या पेशींतला रंग सोडवून नेईल. मोजमाप कमी येईल आणि सर्वांत तीव्र मात्रेला पेशी जास्त जगल्यासारख्या दिसतील. रंग घालण्याआधी पेशी ताज्या माध्यमाने नीट धुवा, आणि तोच नमुना फ्लुओरेसीन डायॲसिटेटने, म्हणजे जिवंत पेशीच चमकतील अशा पद्धतीने, पुन्हा तपासा. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले तरच विश्वास ठेवा.

वनस्पतीची पेशी दिशाभूल कुठे करते, हे मला सगळ्यात सविस्तर सांगायचं आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक अहवाल इथेच कोसळतात.

गुणसूत्रं ओढणारे धागे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि ते वनस्पतीत आणि प्राण्यात दोन्हीकडे आहे. तरी त्याचा आकार किंचित वेगळा आहे. कोल्चिसीन प्राण्याच्या ट्युब्युलिनला घट्ट चिकटतं, वनस्पतीच्या ट्युब्युलिनला फार सैल. त्यामुळे मुळांवर तोच परिणाम दिसायला कितीतरी जास्त मात्रा लागते. ट्रायफ्लुरॅलिन, ओरायझॅलिन या तणनाशकांचं नेमकं उलटं आहे: ती वनस्पतीचं ट्युब्युलिन पकडतात आणि प्राण्याच्या ट्युब्युलिनला जवळजवळ सोडून देतात. एकाच प्रकारचं नुकसान, एकच प्रथिन, आणि तरी एका बाजूला धोका झाकला जातो, दुसऱ्या बाजूला नसलेला धोका दिसतो. म्हणून कांद्यात सूक्ष्मकेंद्रकं वाढलेली दिसली की मी आधी विचारते: गुणसूत्र तुटलं आहे, की धागे बिघडल्यामुळे सबंध गुणसूत्र मागे राहिलं आहे? तुटलं असेल तर माणसासाठी ती गंभीर सूचना आहे, कारण डीएनए सगळीकडे तोच. धागे बिघडले असतील तर मानवी पेशीत तपासल्याशिवाय काहीच बोलता येत नाही.

दुसरी बाजू वनस्पतीकडे नसलेल्या गोष्टींची. ज्या विषाचा घाव मज्जातंतूंच्या जोडणीवर, हृदयाच्या ठोक्यावर किंवा रक्तातल्या ऑक्सिजनच्या वाहतुकीवर पडतो, त्याला मुळाचं टोक ओळखणारच नाही, कारण तो घाव पडायला तिथे जागाच नाही. आणि वनस्पतीकडे असलेल्या पण आपल्याकडे नसलेल्या गोष्टीही आहेत. ग्लायफोसेट ज्या एन्झाइमला बंद करतं ते सुगंधी अमिनो आम्लं बनवण्याच्या वाटेवरचं आहे आणि ती वाट प्राण्यांत नाही. डाययुरॉन प्रकाशसंश्लेषण थांबवतं. अशा रसायनांनी वनस्पती मरते, पण त्यावरून माणसाबद्दल काही सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट पेशीभोवतीच्या भिंतीची, आणि ती तुमच्या घटकाला थेट लागू होते. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनवर ऋण विद्युतभार असतो. तांबं, ॲल्युमिनियम यांसारखे धातू आणि धनभारित फेसकारक तिथे धरले जातात. फ्लास्कमध्ये तुम्ही जी मात्रा टाकली ती पेशीच्या पटलापर्यंत पोहोचलीच असं नाही. भिंतीतली छिद्रं काही नॅनोमीटरची असल्यामुळे मोठे कण बाहेरच अडतात. आत गेलेलं रसायन रिक्तिकेत कोंडून ठेवण्याची सोयही वनस्पती-पेशीकडे आहे आणि मोठ्या पेशीत ती रिक्तिका बहुतेक जागा व्यापते. मानवी पेशीला यातलं काहीच संरक्षण नाही. शिवाय पटलातला मेद वेगळा. आपल्यात कोलेस्टेरॉल, त्यांच्यात मुख्यतः सिटोस्टेरॉलसारखी स्टेरॉल. फेसकारक नेमका पटलावरच काम करतो. म्हणून कांद्याने सहन केलेली तीव्रता डोळ्याच्या पारपटलाला सहन होईल, असा निष्कर्ष मी कधीच काढू देणार नाही.

चौथी गोष्ट चयापचयाची. अनेक रसायनं मुळात निरुपद्रवी असतात, यकृतात बदलून घातक होतात. जिवाणूंत उत्परिवर्तन होतं का हे पाहणाऱ्या एम्स चाचणीत यासाठी उंदराच्या यकृताचा अर्क घालावा लागतो. वनस्पतीतही सायटोक्रोम पी४५० आणि पेरॉक्सिडेज एन्झाइमांची मोठी फौज आहे. मायकेल प्लेवा यांच्या प्रयोगशाळेने तंबाखूच्या पेशी आणि जिवाणू एकत्र वाढवून दाखवलं की वनस्पती-पेशी काही ॲरोमॅटिक अमाइनांना अशा रूपात बदलते की ती जिवाणूंत उत्परिवर्तन घडवतात. ही ताकद उपयोगी आहे. पण यकृतात होणारा प्रत्येक बदल वनस्पतीत होतो असं नाही आणि वनस्पतीतले सगळे बदल यकृतात होत नाहीत.

थोडक्यात, वनस्पती-पेशीत दोष दिसला तर तो "पुढे नीट तपासा" एवढं सांगतो, आणि दिसला नाही तर "या यंत्रणेत तरी काही आढळलं नाही" एवढंच. माझ्या मते तिचं खरं काम चाळणीचं आहे.

आणि नेमकं तेच काम तुमच्यापुढे आहे! तीन-चार रूपांतून एक निवडायचं असेल तर सगळी रूपं एकाच दिवशी, एकाच वाणाच्या मुळांवर, समान तीव्रतांच्या पायऱ्यांनी तपासा. ज्या रूपात गुणसूत्रं तुटलेली दिसतील ते बाजूला ठेवा. रसायनाच्या रचनेत बदल करायची वेळ हीच असते, उत्पादन ठरल्यावर ते अवघड होतं. अशी गाळणी सुरुवातीला लावली की पुढच्या महागड्या चाचण्यांना कमी रेणू जातात आणि कुठे तरी नियमाने प्राणी लागणारच असेल तर त्यांची संख्याही घटते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या त्रिसूत्रीत प्राण्याला पूर्ण पर्याय देणं आहे, तसंच संख्या कमी करणं आणि यातना कमी करणं हेही आहे. वनस्पती-पेशीने संख्या कमी केली तर ते दुय्यम यश आहे असं मी मानत नाही. न वापरलेल्या प्रत्येक प्राण्याचा जीव वाचलेला असतो.

आता माणसाबद्दलचे प्रश्न. ते मानवी पेशींकडे न्यायचे, आणि इथे तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. त्वचेच्या जळजळीसाठी मानवी पेशींपासून बनवलेल्या त्वचेच्या थरावरची पद्धत ओईसीडीने, म्हणजे रसायनांच्या चाचण्यांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ४३९ क्रमांकाने स्वीकारली आहे. डोळ्यासाठी मानवी पारपटलासारख्या थराची ४९२ आहे. ॲलर्जीसाठी ४४२ मालिकेतल्या सी, डी आणि ई या पद्धती एकत्र वापरतात. त्यातली एक तर पेशीही न वापरता घटक प्रथिनांच्या तुकड्यांना चिकटतो का, एवढंच पाहते. डीएनएसाठी जिवाणूंवरची ४७१ आणि संवर्धित पेशींवरची सूक्ष्मकेंद्रक चाचणी ४८७ या जोडीने करतात, आणि कांद्यात जे दिसलं त्याची खातरजमा इथेच होते. गिळल्यावरच्या तात्काळ विषारीपणासाठी मात्र प्राण्याला पूर्ण पर्याय अजून नाही. पेशींच्या मृत्यूवरून सुरुवातीची मात्रा ठरवण्याचं मार्गदर्शन उपलब्ध आहे, त्याने प्राणी कमी लागतात. जुनी, निम्मे प्राणी मारणारी मात्रा शोधणारी ४०१ क्रमांकाची पद्धत ओईसीडीने २००२ मध्ये रद्दच केली. ती रद्द झाली ती कमी प्राणी लागणाऱ्या पद्धती आधी पडताळून, नियामकांना पटवून ठेवल्या होत्या म्हणून.

ज्या प्रयोगशाळेकडे काम द्याल तिला दोन गोष्टी जरूर विचारा: माध्यमात सीरम कुठलं, आणि यकृताचा अर्क कुठला. सीरमविरहित माध्यमं आणि मानवी यकृतापासूनचे अर्क मिळतात. प्रत्येक पद्धतीत ते चालतीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कुणी सुचवतही नाही.

पाण्यात जाणाऱ्या भागासाठी मात्र वनस्पतीला पुढे करा. तिथे ती कुणाची बदली नाही, ती स्वतःच धोक्यात असलेली सजीव आहे. ओईसीडीच्या २०१ मध्ये शेवाळाची वाढ आणि २२१ मध्ये लेम्ना या पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या वनस्पतीची सात दिवसांतली वाढ मोजतात. या सबंध वनस्पतींच्या चाचण्या आहेत, नुसत्या पेशींच्या नाहीत, पण प्राणी नाहीत आणि नियामक त्या थेट स्वीकारतात. माशांसाठी ट्राउटच्या कल्ल्यापासून तयार केलेल्या पेशीमालिकेवरची २४९ ही पद्धत २०२१ पासून आहे. फेसकारक माशांच्या कल्ल्यांना त्रास देतात हे जुनं ज्ञान आहे, त्यामुळे तुमच्या घटकासाठी ती मला मोलाची वाटते. द्रवाची वाफ हवेत राहत असेल तर ट्रॅडेस्कँशिया या शोभेच्या झाडाच्या फुलांवरच्या चाचण्या पाहा. पुंकेसराच्या केसांतली निळी पेशी उत्परिवर्तनाने गुलाबी होते आणि नुसती मोजणी करून निकाल मिळतो. मी ती हवेसाठीच सुचवेन, द्रवासाठी मुळं पुरेशी आहेत.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचा घटक धनभारित आहे, ऋणभारित आहे की भाररहित? पाण्यात पूर्ण विरघळतो का, की काही तीव्रतेनंतर गुच्छ बनवतो? फेसकारक ठरावीक तीव्रतेनंतर मायसेल, म्हणजे रेणूंचे गुच्छ, करतात आणि त्यापुढे पेशीला मिळणारी मुक्त मात्रा फारशी वाढत नाही. त्यामुळे आलेख सपाट झाला तर पेशी सावरल्या असं समजू नका. द्रावणाचा पीएच किती? आम्लधर्मी पाण्यात मुळं नुसत्या पीएचने खुरटतात, म्हणून त्याच पीएचचं साधं पाणी तुलनेला ठेवा. आणि कायदा कुठला? युरोपीय संघात २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेली सौंदर्यप्रसाधनं विकायला मनाई आहे, पण सफाईचा द्रव सौंदर्यप्रसाधन नाही. त्याला रसायनांचे नियम लागतात आणि ते वार्षिक उत्पादन किती टन आहे त्याप्रमाणे बदलतात. तुमच्या देशातला नियम आधी वाचा, चाचण्यांची यादी मग करा. निकाल नियामकाला द्यायचे असतील तर चाचणी मान्यताप्राप्त जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, म्हणजे कामाची ठरलेली शिस्त पाळणाऱ्या) प्रयोगशाळेतच झालेली लागते, स्वतःच्या टेबलावरची चालत नाही.

लेबलबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. "वनस्पती-पेशींवर तपासलेलं, सुरक्षित" असं कृपा करून लिहू नका. ग्राहकाला त्यातून त्वचेची, डोळ्याची हमी मिळाल्यासारखं वाटेल आणि ती तुमच्याकडे नसेल. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. अशा दाव्यावर एखाद्याला इजा झाली की नियामक प्राण्याविना केलेल्या सगळ्याच पद्धतींकडे संशयाने पाहू लागतात आणि जुन्या चाचण्या पुन्हा मागतात. प्राणी वाचवायच्या हेतूने केलेला दावा प्राण्यांवरच उलटतो. काय तपासलं आणि काय नाही, हे जसंच्या तसं लिहिलं तर कुणी अडवत नाही: "विकासाच्या टप्प्यात जनुकीय इजेची प्राथमिक तपासणी कांद्याच्या मुळांवर केली. त्वचा आणि डोळ्यांसाठी मानवी पेशीथरांवर चाचणी केली."

काम सुरू करायचं असेल तर मी असं करेन. आधी फक्त मुळांच्या वाढीवर प्रत्येक रूपाच्या तीव्रतांची रांग लावा आणि वाढ निम्मी कुठे होते ते काढा. गुणसूत्रांची मोजणी त्या तीव्रतेच्या खालीच करा, कारण पेशी घाऊक मरत असताना दिसणारी तुटफूट मरणाची असते, डीएनएवरच्या घावाची नव्हे. ओईसीडीची ४८७ सुद्धा याच कारणाने पेशींचं नुकसान साधारण ५५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही. प्रत्येक तीव्रतेला अनेक कांदे घ्या आणि एका कांद्याची सगळी मुळं मिळून एकच नमुना धरा, नाहीतर आकडेवारी फसवी येते. काचपट्ट्यांवर सांकेतिक क्रमांक टाका आणि मोजणाऱ्याला कुठली पट्टी कशाची ते कळू देऊ नका. पुलाला पूल म्हणायचं की चिकटलेली गुणसूत्रं, यावर दोन माणसांचं मत वेगळं पडतं, म्हणून काही पट्ट्या दोघांनी मोजा आणि छायाचित्रं ठेवा. पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे हमखास इजा करणाऱ्या रसायनावर ठेवलेल्या मुळांत, इजा दिसली नाही तर त्या फेरीतले बाकीचे आकडे कितीही सुंदर असले तरी टाकून द्या.

घटकाचा विद्युतभार, मायसेल बनण्याची तीव्रता आणि द्रावणाचा पीएच कळवलात तर पहिल्या फेरीसाठी तीव्रतांच्या पायऱ्या मी सुचवू शकेन. धनभारित असेल तर फ्लास्कमधल्या पेशींची चाचणी सध्या बाजूला ठेवा. नुसत्या पाण्यातल्या मुळांपासून सुरुवात करा, आणि चाचणीच्या शेवटी पाण्यात घटक किती उरला तेही मोजा, म्हणजे मुळांनी किती धरला ते कळेल.